अण्णा, त्या फोटोग्राफरला नाव होतं

भाचीला वाढदिवसाला सेदू केइता या आफ्रिकी फोटोग्राफरच्या फोटोंचं पुस्तक हवंय. तिनं घरच्या ग्रुपवर नुसतं मुखपृष्ठ टाकलं, तर पाच मिनिटांत आमच्या अण्णांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, खाली एक फॉरवर्ड चिकटवला. महिनाभर फिरतोय तोच: ‘आफ्रिकेला लिपी नव्हती, इंग्रज येईपर्यंत एक पुस्तक नव्हतं. कथा-कादंबऱ्या म्हणजे नुसती भूक आणि यादवी. कला म्हणजे निनावी आदिवासींचे मुखवटे, त्यांना किंमत आली ती पिकासोमुळे. फोटो काढले तेही गोऱ्यांनीच.’ शेवटी ‘पैसे जपून वापरा’ ही अण्णांची स्वतःची भर. त्यावर चौघांचे अंगठे. एरवी सोडून दिलं असतं, पण पोरगी गप्प झाली.

लिपीचं आधी उरकतो. इथिओपियातल्या गरिमा मठात गीझ या तिथल्या लिपीत लिहिलेली बायबलातली सचित्र शुभवर्तमानं आहेत, चर्मपत्रावरची. कार्बन चाचणीत ती साधारण चौथ्या ते सातव्या शतकातली निघाली. ज्ञानेश्वरी १२९० ची, हिशोब करा. मालीतल्या टिंबक्टूत घराघरांतून अरबी लिपीतली हस्तलिखितं पिढ्यान् पिढ्या जपलेली. २०१२ मध्ये शहर अतिरेक्यांच्या हाती गेलं तेव्हा लोकांनी ती पत्र्याच्या ट्रंकांत भरून लपतछपत राजधानी बामाकोला पोचवली. आणि हो, अण्णा, तुम्ही ज्या औरंगाबादेत बावीस वर्षं नोकरी केलीत, ते वसवून तिथे नहर आणणारा मलिक अंबर याच इथिओपियातला.

छापील कादंबरी इंग्रजांआधी नव्हती, हे मात्र खरं. बरंचसं साहित्य तोंडी होतं, हेही खरं. थॉमस मोफोलोची सेसोथो भाषेतली पहिली कादंबरी १९०७ ची, लेसोथोतल्या मोरिजाच्या मिशनरी छापखान्यातून निघालेली. पण मराठीचं छापील व्याकरणसुद्धा १८०५ मध्ये बंगालात सेरामपूरला पाद्री कॅरीनंच काढलं. त्याआधी मराठी नव्हती का?

भूक आणि यादवी. नायजेरियाच्या चिनुआ अचेबेंची कादंबरी ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ १९५८ ची. तिच्यात नायकाचा बाप उनोका, बासरी वाजवणारा, जन्माचा उधारखाऊ. शेजारी पैसे मागायला येतो तेव्हा हा पोट धरून हसतो आणि भिंतीवरच्या खडूच्या रेघा दाखवतो: ही बघ देणी, आधी मोठी फेडतो, मग तुझं. असा माणूस कुठल्या गावात नसतो? युद्धावर, दुष्काळावरही त्यांनी लिहिलंय, का लिहू नये? आणि सगळं इंग्रजीतच असतं असंही नाही. न्गुगी वा थिओंगो यांनी १९७८ मध्ये केनियाच्या तुरुंगात टॉयलेट पेपरवर कादंबरी लिहिली, ती मुद्दाम आपल्या गिकुयू भाषेत.

पिकासोचं तर सोडाच. नायजेरियातल्या इफेची पितळी-तांब्याची मस्तकं, पिकासोच्या काही शतकं आधीची, चेहऱ्यावरच्या बारीक रेघांसकट इतकी जिवंत, की १९१० मध्ये तिथे गेलेल्या फ्रोबेनियस नावाच्या जर्मन पंडिताला ती आफ्रिकी माणसांनी घडवली असतील हे पटेचना. त्यानं ठरवलं, बुडालेल्या अटलांटिसच्या ग्रीकांनीच केली असणार! हा फॉरवर्ड त्याच घराण्यातला.

आता ते ‘निनावी’ आणि ‘गोऱ्यांनीच’. राग याचाच आला, कारण पोरीनं मागितलेलं पुस्तकच याचं उत्तर आहे.

केइता मालीतल्या बामाकोचा. लहान असताना काकानं त्याला साधा कोडॅक कॅमेरा आणून दिला, १९४८ मध्ये त्यानं घरीच स्टुडिओ थाटला. अंगणात, उन्हाच्या उजेडात फोटो. मागे पडदा म्हणून सुरुवातीला त्याच्याच पलंगावरची झालरीची चादर. पुढे दर दोन-तीन वर्षांनी पडदा बदलायचा, आणि म्हातारपणी तो पडद्यावरूनच सांगायचा, हा फोटो अमक्या साली काढलेला. गिऱ्हाइकासाठी घड्याळं, पेनं, रेडिओ, स्कूटर सगळं स्टुडिओत हजर. अण्णा, तुमचा कॉलेजातला फोटो आठवा: मागे रंगवलेला पडदा, खिशाला दोन पेनं, मनगटावर मित्राचं घड्याळ. तेच हे. फक्त केइताच्या चौकटीत झग्याची नक्षी आणि चादरीची नक्षी अशी एकमेकींत मिसळते, की बाई कुठे संपते आणि पलंग कुठे सुरू होतो ते दोनदा बघावं लागतं.

१९९१ मध्ये न्यूयॉर्कला आफ्रिकी कलेचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यात केइताचे फोटो होते. खाली लिहिलं होतं, ‘अज्ञात छायाचित्रकार’. हा अज्ञात तेव्हा सत्तरीचा, बामाकोत आपल्या घरी, हजारो निगेटिव्ह सांभाळून बसलेला. फ्रान्सहून आंद्रे मान्यां नावाचा माणूस त्याला शोधायला निघाला. बामाकोत विचारलं, सापडला. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याचं एकट्याचं प्रदर्शन झालं. संग्रहालयांतल्या कितीतरी मुखवट्यांखाली कारागिराचं नाव नसतं, हे मान्य. पण उचलून नेणाऱ्यानं विचारलंच नसेल तर नाव कुठून येणार?

बामाकोच्याच मलिक सिदिबेला २००७ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात जीवनगौरवाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला, तोवर तो कुठल्याच फोटोग्राफरला मिळालेला नव्हता. गोऱ्यांनीच काढले म्हणे.

राहिला पैशांचा मुद्दा. फोटोंची पुस्तकं महाग असतात, इथे अण्णांशी वाद नाही. कादंबऱ्यांना मात्र तेवढं लागत नाही. फाउंटनच्या फूटपाथवर मला नारिंगी पाठीची अचेबे ऐंशी रुपयांत मिळाली होती, आणि न्गुगींची काही पुस्तकं कलकत्त्याच्या सीगल प्रकाशनानंच काढलीत.

केइता मी मागवलाय. पत्ता तुमचा दिलाय, कारण दिवसा घरी तुम्हीच असता. गुरुवारी पोऱ्या येईल, त्याला ओटीपी तेवढा सांगा.