बाप बाहेर, लेक आत

आइसलंडचा फुटबॉलपटू एदुर गुड्यॉन्सेन म्हटलं की बहुतेकांना चेल्सी आठवतं, बार्सिलोना आठवतं. मला आधी आठवते ती तालिनमधली एक मैत्रीपूर्ण लढत. २४ एप्रिल १९९६, एस्टोनिया विरुद्ध आइसलंड. उत्तरार्धात आइसलंडचा ३४ वर्षांचा आर्नोर बाहेर येतो आणि त्याच्या जागी आत जातो त्याचा १७ वर्षांचा मुलगा, एदुर. टचलाइनपाशी दोघं क्षणभर समोरासमोर. बाप बाहेर, लेक आत.

सगळे हा प्रसंग कौतुकाने सांगतात. मला मात्र अजून राग येतो. दोघांना त्याच दिवशी एकत्र खेळवता आलं असतं! पण तो योग जूनमध्ये रेक्याविकला, घरच्या प्रेक्षकांसमोर जुळवून आणायचा होता आइसलंडच्या फुटबॉल संघटनेला. जून यायच्या आधीच युवा संघाकडून आयर्लंडविरुद्ध खेळताना एदुरचा घोटा मोडला. पीएसव्ही आइंडहोव्हन या डच क्लबमध्ये ब्राझीलच्या रोनाल्डोसोबत खेळलेलं पोर जवळपास दोन वर्षं खेळापासून तुटलं. तो सावरेपर्यंत वडिलांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली होती. बापलेक देशासाठी एकत्र कधीच खेळले नाहीत. खेळाडूचा आज हातात असताना तो उद्याच्या सोहळ्यासाठी राखून ठेवायचा अधिकार कुणालाही नाही, असं माझं ठाम मत आहे.

तिथून तो उभा राहिला, आणि म्हणूनच मला तो इतका मोठा वाटतो. १९९८ मध्ये मायदेशी केआर रेक्याविक क्लब, मग लगेच इंग्लंडमध्ये बोल्टन, २००० मध्ये चेल्सी. जानेवारी २००३ मध्ये लीड्सविरुद्ध त्याने हवेत पाठमोरं होऊन मारलेला गोल शोधून बघाच. २००५ आणि २००६ अशी सलग दोन प्रीमियर लीग विजेतेपदं. नुसता गोल मारणारा स्ट्रायकर नव्हता तो. थोडा मागे येऊन चेंडू धरायचा, मान वर करायचा आणि दुसऱ्याला वाट काढून द्यायचा. मग बार्सिलोना, आणि २००९ चं चॅम्पियन्स लीग.

बापलेकांच्या वाट्याला दुःखंही सारखीच आली. १९८४ च्या यूएफा कपच्या अंतिम सामन्यात आर्नोर बेल्जियमच्या अँडरलेख्टकडून खेळत होता. शूटआउटमधली त्याची शेवटची पेनल्टी टॉटनहॅमच्या गोलकीपरने अडवली आणि कप गेला. एदुर तेव्हा पाच वर्षांचा. २००५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत, चेल्सीकडून खेळताना, लिव्हरपूलच्याच अॅनफिल्ड मैदानावर, भरपाई वेळेत लिव्हरपूलच्या गोलसमोर चेंडू एदुरच्या पायाशी आला. फटका बाहेर गेला. त्या रात्री त्याला वडिलांची पेनल्टी आठवली असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आइसलंडमध्ये बहुतेकांना आडनावच नसतं, वडिलांच्या नावापुढे मुलाला ‘सोन’ आणि मुलीला ‘दोत्तिर’ लागतं. आपण नावामागे वडिलांचं नाव लावतो तसंच. पण गुड्यॉन्सेन हे घराण्याचं आडनाव. त्यामुळे बापाच्या, लेकाच्या आणि पुढे नातवांच्याही पाठीवर तेच नाव.

२०१६ चा युरो. वय ३७. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात शेवटच्या काही मिनिटांसाठी तो उतरला, तेव्हा कर्णधार आरोन गुन्नारसनने स्वतःच्या दंडावरची पट्टी काढून त्याला बांधायला दिली. सामना हातातून गेलेला होता. तरी तेवढं बघून माझे डोळे भरले.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बातमी आली, एदुर एफसी पुणे सिटीकडून खेळणार! आमच्या बालेवाडीत! पुण्यात फुटबॉलवर जीव टाकणाऱ्यांसाठी ते दिवस काय होते, ते आम्हालाच ठाऊक. पण हंगाम सुरू व्हायच्या आधीच तो जायबंदी झाला आणि करार तिथेच संपला. पुढच्या वर्षी त्याने निवृत्तीच घेतली. देशासाठी ८८ सामने, २६ गोल.

ऑक्टोबर २०२१ मध्ये रेक्याविकला आइसलंड विरुद्ध लिश्टेनस्टाइन. बदली म्हणून उतरलेल्या एदुरच्या मुलाने, स्वेन आरोनने, चेंडू दिला, तसाच बदली म्हणून आलेल्या त्याच्या धाकट्या भावाने, आंद्रीने, गोल केला. दोघंही गुड्यॉन्सेन, दोघंही एकाच वेळी मैदानात. एदुर तेव्हा संघाचा सहायक प्रशिक्षक होता.