एमएचएचा हिशेब फक्त फीचा नसतो

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, एमएचएला नंबर लागलाय. घेऊ का ॲडमिशन?" फी सांगितली, कॉलेजने दाखवलेलं पॅकेज सांगितलं आणि म्हणाली, "दोन वर्षांत फी वसूल होते गं." त्या रात्री मी तिला हो किंवा नाही काहीच बोलले नाही. मी स्वतः हीच पदवी, म्हणजे हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनमधली पदव्युत्तर पदवी, घेतली आहे, चौदा वर्षं हॉस्पिटलच्या ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये काढली आहेत आणि हे काम मला मनापासून आवडतं. तरीही तिचा हिशेब मला पटला नाही.

ती आज एका लॅबमध्ये फ्रंट ऑफिसला आहे. दोन वर्षं नोकरी सोडणार. तो बुडणारा पगार तिच्या हिशेबात कुठेच नव्हता. आकडे सोपे धरू. आज वर्षाला १०० मिळतात, फी आहे १५०. दोन वर्षांचा पगार गेला, ते २००. म्हणजे पदवी पडली ३५० ला. नंतर १४० ची नोकरी लागली, तरी त्यातले १०० तिला नाहीतरी मिळतच होते. पदवीने आणले फक्त ४०. ३५० भागिले ४०, म्हणजे पावणेनऊ वर्षं. फी कर्जाने भरली आणि व्याज १० टक्के असलं, तर पहिल्या वर्षी त्या ४० मधले १५ व्याजातच जातात. पुढे बढत्या मिळाल्या तर फरक ४० चा ८० होऊ शकतो, नाही असं नाही. पण मग बढती कशावर मिळते, हे बघायला हवं.

तिने पाठवलेल्या माहितीपत्रकात अमेरिकेचा आकडा ठळक छापला होता. तिथल्या कामगार सांख्यिकी विभागानुसार मे २०२३ मध्ये वैद्यकीय व आरोग्य सेवा व्यवस्थापकांचा मध्यक पगार वर्षाला १,१०,६८० डॉलर होता. आकडा खरा आहे. पण तो त्या पदावरच्या सगळ्यांचा मध्यक आहे, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त मिळतं; वीस-वीस वर्षं काम केलेलेही त्यात आले. नुकत्याच पास झालेल्या मुलीचा तो पगार नव्हे. त्याच विभागाच्या माहितीत या पदासाठी साधारण लागणारं शिक्षण म्हणून पदवी लिहिली आहे, पदव्युत्तर नव्हे, आणि सोबत संबंधित कामाचा थोडा अनुभव. माहितीपत्रकात हे दुसरं वाक्य नव्हतं. याचा मला राग येतो, कारण तो आकडा बघून मुलं कर्जाच्या कागदांवर सही करतात.

माझी पहिली नेमणूक डिस्चार्ज काउंटरला झाली. डॉक्टर सकाळी दहाला 'घरी सोडा' लिहून जायचे आणि पेशंट चार वाजले तरी बेडवरच. नातेवाईक माझ्यावर ओरडायचे. क्यूइंग थिअरी, म्हणजे रांगांचं गणित, मला पाठ होती. पण उशीर कुठे होतो ते मला एका सिस्टरांनी दाखवलं. उरलेली औषधं फार्मसीला परत गेल्याशिवाय बिल बंद होत नव्हतं, आणि डिस्चार्ज समरीवर डॉक्टरांची सही झाल्याशिवाय विमा कंपनीला फाइल जात नव्हती. त्यांनी औषधं आदल्या संध्याकाळीच परत पाठवायला सुरुवात केली आणि बेड दुपारपर्यंत रिकामे होऊ लागले. विम्याचे क्लेम का रिजेक्ट होतात, कोडिंगमध्ये, म्हणजे आजार-उपचारांचे ठरलेले कोड लिहिताना, कुठे चूक होते, हेही मी पुस्तकातून कमी आणि बिलिंगच्या लोकांशेजारी बसून जास्त शिकले.

मग पदवी फुकट गेली का? नाही. सहा वर्षांनी ऑपरेशन्सच्या प्रमुखाची जागा निघाली. जाहिरातीत पदव्युत्तर पदवी अनिवार्य होती. मी अर्ज करू शकले. माझ्यापेक्षा जास्त जाणणाऱ्या त्या सिस्टरांना अर्जच करता आला नाही. हा अन्याय आहे असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. पदवीची खरी किंमत तिथे वसूल झाली, पण सहा वर्षांनी, आणि हाताशी अनुभव होता म्हणून. माझ्या बरोबरीचे जे अनुभवाशिवाय थेट पदवी घेऊन आले, त्यातले कितीतरी जण पदवी नसलेल्यांच्याच टेबलावर, जवळपास त्याच पगारावर बसले.

म्हणून माझं मत असं, की आधी दोन-तीन वर्षं हॉस्पिटलमध्ये काम करावं, वॉर्ड, बिलिंग, क्वालिटी, जे मिळेल ते. मग नोकरी न सोडता पदवी घ्यावी. त्या हिशेबातून बुडालेल्या पगाराचे २०० वजा होतात आणि उरतात फक्त फीचे १५०. तोच ४० चा फरक असला तर पावणेनऊ वर्षांची पावणेचार होतात. नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा लॅबमधून येणाऱ्यांना तर मी नक्की घ्या म्हणेन. त्यांच्याकडे अनुभव असतो, अडतं ते फक्त कागदावर. पूर्णवेळच करायचं असेल तर एकच गोष्ट बघावी, इंटर्नशिप. शिकागो विद्यापीठाने १९३४ मध्ये हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हापासून हा विषय वर्गात शिकवला जातोय, पण तो अंगवळणी पडतो हॉस्पिटलच्या मजल्यावरच. सहा महिने खऱ्या विभागात खरी जबाबदारी मिळणार असेल तर फीला अर्थ आहे. फाइली झेरॉक्स करायला बसवणार असतील तर नाही.

काल भाचीला मी तीन प्रश्न कॉलेजला विचारायला सांगितले. गेल्या वर्षी पास झालेल्यांचा मध्यक पगार किती, सर्वात मोठं पॅकेज नको. त्यातल्या कितींना आधीचा अनुभव होता. आणि किती जणांना सहा महिन्यांत नोकरी लागली नाही. संध्याकाळी तिचा मेसेज आला. पहिल्याचं उत्तर मिळालं, आणि ते कॉलेजने दाखवलेल्या पॅकेजच्या निम्मंही नाही. बाकीच्या दोन्हींना 'ॲडमिशननंतर सांगू' म्हणाले. लॅबमधला राजीनामा तिने अजून दिलेला नाही.