‘जितका चढ तितका फुकटचा उतार’ म्हणे!

सहलींचे बेत सुरू झाले की एक मेसेज हमखास फिरतो. ‘जिममध्ये आठवड्यातून तीन दिवस तासभर सायकल मारता ना? मग परदेशातल्या डोंगराळ भागातल्या सायकल सहलीला वेगळी तयारी नको. सरासरी चढ पाच-सात टक्केच असतो, जितकं चढाल तितकं फुकट उतराल, सायकल तिथं भाड्यानं मिळते आणि अगदीच वाटलं तर ई-बाइक आहेच.’ लिहिणाऱ्यानं घाट फक्त नकाशावर पाहिलेला दिसतो.

आधी जिम. दम वाढतो, हे कबूल. पण तिथल्या सायकलचं फ्लायव्हील, म्हणजे पॅडलबरोबर फिरणारं चाक, जड असतं. पाय क्षणभर ढिले पडले तरी ते पॅडल फिरवत राहतं. चढावर पाय ढिले पडले की सायकल जागीच थबकते. शिवाय खरा कस लागतो तो तिसऱ्या दिवशी सकाळी, मांड्या भरून आलेल्या असताना पुन्हा त्याच सीटवर बसायचं असतं तेव्हा. म्हणून निघण्याआधी लागोपाठ दोन-तीन दिवस रस्त्यावर चार-चार तास चालवून बघा. जवळपास चढ नसेल तर समोरचा वारा चालतो. तोही दयामाया दाखवत नाही.

चढाचे टक्के म्हणजे शंभर मीटर अंतरात किती मीटर वर जायचं ते. सरासरीचं म्हणाल, तर सकाळी निघून संध्याकाळी त्याच गावी परतलात की दिवसाची सरासरी शून्य! फ्रान्समधल्या माँ व्हाँतूवर बेदवाँ गावाकडून चढणारा रस्ता सुमारे २१ किलोमीटरचा, सरासरी साडेसात टक्क्यांचा. त्यातले पहिले पाच-सहा किलोमीटर गुमान जातात, मग जंगलात नऊ-दहा टक्क्यांचा चढ सुरू होतो आणि संपता संपत नाही. बघायचं ते एकूण किती मीटर चढायचंय आणि सगळ्यात वाईट किलोमीटर कुठला.

गियरबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथंच आहे. पुढचं लहान चक्र ३४ दातांचं आणि मागचं सर्वांत मोठं २८ दातांचं असेल, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे धरले तर ताशी नऊ किलोमीटर. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो असतील, तर दहा टक्के चढावर या वेगाला नुसतं वजन वर न्यायलाच दोनशेहून जास्त वॅट लागतात. हौशी माणसाला एवढा जोर तासभर टिकवणं कठीण. मागचं चक्र ३४ दातांचं घेतलं, की तेच काम पावणेदोनशेच्या आसपास येतं. भाड्याची सायकल ठरवताना रंग नंतर विचारा, आधी दात विचारा.

उतार फुकट? फ्रान्स-इटलीत पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो, ब्रिटनमध्ये उजव्या. उजवा म्हणजे पुढचा अशी सवय असलेला माणूस वळणावर बारीक खडी दिसली की मागचा समजून डावा दाबतो, पुढचं चाक अडकतं आणि तो आडवा होतो. पहिल्या दिवशी सपाट रस्त्यावर दोन्ही ब्रेक आळीपाळीनं दाबून हात सरावू द्या. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवला तर तापतो. वळणाआधी जोरात दाबायचा आणि मग सोडायचा. आणि चढताना भिजलेल्या बनियनवर उतरताना वारा लागला की दात वाजतात, तेव्हा खिशात पातळ जाकीट हवंच.

ई-बाइकचा मुद्दा मात्र निम्मा खरा. ज्याला घाट बघायचेत, घाम गाळायचा नाही, त्यानं खुशाल घ्यावी. फक्त ती तिथंच भाड्यानं घ्या. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांवरची लिथियम बॅटरी चालत नाही आणि ई-बाइकची बहुधा त्याच्या दुपटी-तिपटीची असते. युरोपीय संघात मोटर ताशी २५ किलोमीटरनंतर साथ सोडते, तेव्हा सपाटीवर त्याहून जोरात जायचं तर मोटर-बॅटरीचं वजनही तुमच्याच पायांवर.

राहिली भाड्याची सायकल. ती घ्याच, पण स्वतःची सीट आणि पॅडल बॅगेत टाका. निघण्याआधी पॅडलच्या दोन्ही दांड्या ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजून लिहून ठेवा. दुकानात दोन मिनिटांत सीट तेवढी लावून मिळते. पॅडल बदलताना एक लक्षात असू द्या: डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात.