तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या ओळीबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही जरा लांबणार. तुमचा आक्षेप असा की, बायबलच्या जुन्या करारातल्या (येशूच्या आधीच्या भागातल्या) देवाच्या दयेवर मी लेख लिहिला, त्यात निर्गम या पुस्तकाच्या 34 व्या अध्यायातलं देवाचं दयाळू, कृपाळू, मंदक्रोध (लवकर न रागावणारा) हे वर्णन घेतलं. पण लगेच पुढे येणारी, वडिलांच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत देण्याची ओळ गाळली. शिवाय अमालेकी या टोळीच्या संहाराचा दाखला देऊन तुम्ही म्हणता, जुन्या करारातला देव सूडच उगवतो, दया हवी तर नवा करार उघडावा.

ती ओळ तिथे आहे आणि ती टोचते. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातल्या इस्राएली लोकांनाही ती टोचत असणार. आंबट द्राक्षं बापांनी खाल्ली आणि दात आमचे आंबले, अशी म्हणच त्यांच्यात पडली होती. यहेज्केल हा संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात बजावतो, ही म्हण पुन्हा तोंडी आणू नका; जो पाप करील तोच मरेल. शास्त्राने शास्त्राशी उघड वाद घातला आणि दोन्ही वचनं जपून ठेवली. मला यात मोठा प्रामाणिकपणा दिसतो.

आता ते वर्णन येतं कधी, तेही पाहा. सोन्याचं वासरू पुजून झालंय, मोशेने देवाच्या आज्ञांच्या पाट्या फोडल्यात, आणि दुसऱ्या पाट्या घेऊन तो सीनायवर चढलाय. पुढे गणना या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात लोक मिसरला परत जायचं म्हणतात, तेव्हा मोशे हेच शब्द देवाला ऐकवतो: तूच असं बोलला होतास. क्षमा मिळते, तरी ती पिढी, दोघे वगळता, कनानात पोचत नाही. चुकीला पाठीशी घालणारी ही दया नव्हे. पण तिच्यावर बोट ठेवून माणूस देवाला जाब विचारू शकतो, आणि माझ्या लेखाचा गाभा तोच होता.

विलापगीत हे पुस्तक वाचताना तर हे फार जाणवतं. इ. स. पू. 586 च्या सुमारास यरुशलेम पडलंय. दुसऱ्या अध्यायात पोरं आईकडे धान्य मागत तिच्या कुशीत प्राण सोडतात. तिसऱ्या अध्यायात तो कवी म्हणतो, देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, त्याचा विश्वासूपणा थोर आहे. आणि वीसच ओव्यांनंतर त्याच तोंडाने म्हणतो, प्रार्थना पार होऊ नये म्हणून तू स्वतःला मेघाने झाकून घेतलंस. पहिली ओवी फलकांवर सगळीकडे दिसते. दुसरी कुणी लावत नाही. मला दोन्ही हव्यात.

1 शमुवेल 15 मधला तान्ह्या बाळांसकट झालेला अमालेक्यांचा संहार मात्र मी या दयेत ओढूनताणून बसवणार नाही. तिथे तुमची अस्वस्थता माझीही आहे. पण म्हणून जुना करारच बाजूला सारायचा, हा मार्ग दुसऱ्या शतकात मार्किओन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने सुचवला होता आणि ख्रिस्ती मंडळीने तो नाकारला. येशू स्वतः वधस्तंभावर जुन्या करारातल्या स्तोत्र 22 चेच शब्द बोलला.

एक विनंती. स्तोत्र 89 सलग वाचा. 37 ओव्या देवाचं आणि त्याने दावीद राजाशी केलेल्या कराराचं गुणगान, आणि 38 वीपासून ‘पण तू तर आम्हाला टाकलंस’ असा आरोप. 49 व्या ओवीतल्या ‘तुझी पूर्वीची दया कुठे आहे?’ या प्रश्नाबद्दल तुम्हाला काय वाटतं, ते जरूर लिहा.