अनुनाकींनी सोनं खणलं नाही आणि सुमेर आकाशातून पडलं नाही

माझी भाची इतिहास घेऊन बी.ए. करते आहे. प्राचीन जगातल्या संस्कृतींच्या पेपरसाठी तिने महत्त्वाच्या संज्ञांची वही केली आणि एकदा नजर टाक म्हणून मला पाठवली. 'नगरराज्य', 'कीलाकार लिपी', 'सिंचन' इथपर्यंत सगळं नीट होतं. पुढे 'झिगुरात'समोर लिहिलं होतं, 'मेसोपोटेमियातील टप्प्याटप्प्यांचे उंच बांधकाम. काही संशोधकांच्या मते अवकाशयानांचा तळ.' आणि 'अनुनाकी'समोर, 'सुमेरियन देव. परग्रहवासी असण्याची शक्यता.'

हे कुठून घेतलंस म्हणून विचारलं, तर तिने वर्गाच्या ग्रुपवर फिरणारा एक मराठी निवेदनाचा व्हिडिओ पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सुमेरियन संस्कृती (आजच्या दक्षिण इराकमधली, मेसोपोटेमियातली) अचानक, पूर्ण वाढलेल्या रूपात अवतरली. निबिरू नावाच्या बाराव्या ग्रहावरून अनुनाकी पृथ्वीवर सोनं खणायला आले. खाणीत राबायला त्यांनी माणूस बनवला. झिगुरात हे त्यांचे तळ. त्यांची जनुकं आजही आपल्यात आहेत. आणि हे सगळं मातीच्या पाट्यांवर लिहिलेलं असूनही 'ते' आपल्यापासून लपवतात.

यातलं नवं काहीच नाही. झेकरिया सिचिन या लेखकाने १९७६ साली इंग्रजीत हेच लिहिलं. कीलाकार लिपी, म्हणजे त्या मातीच्या पाट्यांवरची पाचरीसारख्या खुणांची लिपी, वाचणाऱ्या तज्ज्ञांनी ते केव्हाच निकालात काढलं आहे. मराठीत मात्र ते आज पहिल्यांदा ऐकल्यासारखं पोचतंय आणि मुलं ते वहीत उतरवून घेताहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'अनुनाकी सोन्यासाठी आले आणि खाणकामासाठी त्यांनी माणूस घडवला, असं पाट्यांवर स्पष्ट लिहिलं आहे.'

लिहिलेलं नाही. हा सगळा डोलारा ज्या कथेवर उभा आहे, ती अत्राहासिस या नायकाच्या नावाची मेसोपोटेमियातली पुराणकथा. तिची महत्त्वाची प्रत इ.स.पू. सतराव्या शतकातली, बाबिलोनचा राजा अम्मीसदुका याच्या कारकिर्दीत उतरवलेली. तीन पाट्या, सुमारे १,२४५ ओळी. भाषा अक्कादियन आहे, सुमेरियन नाही. व्हिडिओवाल्याला एवढंही माहीत नाही. लॅम्बर्ट आणि मिलार्ड या दोन अभ्यासकांनी मूळ मजकूर भाषांतरासह १९६९ साली ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केला. म्हणजे सिचिन यांचं पुस्तक येण्याआधी सात वर्षं हा मजकूर कुणालाही वाचायला मिळत होता. लपवलं कुणी?

त्या कथेत काय आहे ते सांगतो. माणूस नव्हता तेव्हा देवांनाच कष्ट करावे लागत. थोर अनुनाकी देवांनी हे काम इगिगी या धाकट्या देवांवर टाकलं. काम कसलं, तर नद्या-कालवे खणायचं आणि मातीची ओझी वाहायचं. वर्षानुवर्षं राबून इगिगी थकले, संतापले. त्यांनी आपली अवजारं जाळली आणि रात्री एन्लिल देवाच्या वाड्याला वेढा घातला. मग तोड निघाली. एका देवाचा बळी देऊन त्याचं मांस आणि रक्त मातीत कालवलं गेलं आणि जन्मदेवतेने त्यातून माणूस घडवला. देवांचं ओझं आता माणसाने उचलायचं. पुढच्या ओळींत माणसं कुदळी-फावडी घेऊन मोठे कालवे बांधतात, लोकांच्या पोटासाठी आणि देवांच्या निर्वाहासाठी. एन्की देव आणि निन्माह देवी यांची सुमेरियन कथाही याच वळणाची आहे: कालवे खणून वैतागलेले देव, आणि मातीतून घडवलेला माणूस.

देवांच्या कष्टाला माणूस जुंपला गेला, एवढी गोष्ट पाटीवर आहे, हे मान्य करावं लागतं. पण खाण कुठे आहे? सोनं कुठे आहे? पाटीवर कालवा आहे. सिचिन यांनी कालवा पुसून तिथे खाण बसवली.

मला चीड येते ती नेमकी या बदलाची. दक्षिण इराकमध्ये पाऊस इतका कमी पडतो की पावसाच्या भरवशावर पीक निघत नाही. युफ्रेटिसला पूर येतो तो वसंतात, पीक कापणीला आलेलं असताना. म्हणजे पाणी हवं तेव्हा नसतं आणि नको तेव्हा उरावर येतं. शेती करायची तर कालवे खणायचे, बांध घालायचे. नदीचा गाळ कालवे भरून टाकतो, तो पुन्हा पुन्हा उपसायचा. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या लोकांना प्रश्न पडला की आपल्या नशिबी एवढे कष्ट का, आणि त्यांनी उत्तर म्हणून ही कथा रचली. कष्टाने पिचलेले देव संप करतात ही कल्पनाच केवढी मोठी आहे! या कथेतून कालवा काढून घेतला की ती सांगणारी माणसंच त्यातून नाहीशी होतात.

व्हिडिओ पुढे सांगतो की 'अब्झू' म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणी. मेसोपोटेमियाच्या साहित्यात अब्झू म्हणजे जमिनीखालच्या गोड्या पाण्याचा साठा, एन्की देवाचं निवासस्थान. एरिदू शहरातलं एन्कीचं मंदिर त्याच नावाचं होतं. दक्षिण इराकच्या गाळाच्या मैदानात सोनं नाही, तांबं नाही, चांगला दगड आणि मोठं लाकूडही नाही. ते सगळं बाहेरून यायचं, व्यापाराने. ऊर या सुमेरियन शहरातल्या राजघराण्याच्या थडग्यांत सोन्याबरोबर अफगाणिस्तानातला लाजवर्द हा निळा दगड आणि सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी भोकं पाडलेले लाल अकीकाचे मणी सापडले. मेलुहाची जहाजं आपल्या धक्क्याला लागतात, असं अक्कादचा राजा सार्गोन याने अभिमानाने नोंदवलं आहे. मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मेलुहाची भाषा जाणणारा शु-इलिशू नावाचा दुभाषा होता. त्याची मुद्रा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. सुमेरशी भारतीय उपखंडाचा खरा संबंध हा असा आहे: जहाजं, मणी आणि एक दुभाषा.

'सुमेरियन संस्कृती एका रात्रीत उगवली. लिपी, शहरं, कायदे सगळं एकदम. माणसाला हे शक्यच नव्हतं.'

सगळ्यांत घातक वाक्य हेच. माणसाच्या हातून हे होणं शक्य नव्हतं, हे एकदा मनात बसलं की पुढचं काहीही खपतं.

एरिदूचं उत्खनन १९४६ ते १९४९ या काळात इराकी पुरातत्त्वज्ञ फुआद सफर आणि ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ सेटन लॉइड यांनी केलं. एका मोठ्या झिगुरातच्या अवशेषांखाली त्यांना मंदिरांचे एकावर एक सतराच्या आसपास थर लागले. तळाजवळचं मंदिर म्हणजे जेमतेम तीन मीटर लांबी-रुंदीची कच्च्या विटांची एक खोली. आत एक कोनाडा, एक चौथरा. नंतरची पिढी जुन्या भिंती पाडून त्यांच्यावरच जरा मोठं देऊळ बांधते, तिच्या नंतरची आणखी मोठं. वरच्या थरांत नैवेद्याच्या माशांची हाडं मिळाली. तळापासून वरपर्यंत यायला दीड हजाराच्या आसपास वर्षं लागली. ज्याला 'अचानक' म्हणतात ते हे आहे.

लिपीचंही तसंच. आधी हजारो वर्षं पश्चिम आशियात हिशेबासाठी मातीच्या लहान गोट्या, शंकू, चकत्या वापरल्या जात. पुढे त्या मातीच्या पोकळ गोळ्यांत बंद करून वर मुद्रा उमटवू लागले. मग ओल्या पाटीवर खुणा आल्या. उरुक या सुमेरियन शहरात इ.स.पू. ३२००च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या सुरुवातीच्या पाट्या बहुतेक करून हिशेबाच्या आहेत: जव किती, मेंढ्या किती, बिअर किती, कुणाला किती शिधा दिला. उरलेल्यांत शब्दांच्या याद्या आहेत, शिकाऊ लेखनिकांनी गिरवायच्या. ग्रहांवरून आलेल्यांची लिपी मेंढ्या मोजण्यापासून सुरू झाली असती का?

आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात उरुक फार झपाट्याने वाढलं, सुमारे २५० हेक्टरांपर्यंत, आणि ते का याबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहेत. आपली पाठ्यपुस्तकंही एका परिच्छेदात शेती आणि पुढच्यात शहर उरकतात. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९५० साली नागर क्रांतीची, म्हणजे शहरांच्या उदयाची, दहा लक्षणं मांडली, तीही परीक्षेपुरती पाठ करून घेतली जातात. त्यांच्यामागची दोन-तीन हजार वर्षं गाळली जातात. त्या रिकाम्या जागेत असा व्हिडिओ घुसतो. पण पुस्तकाने गाळलेली वर्षं जमिनीत आहेत, आणि ती खणून काढलेली आहेत.

'झिगुरात हे अवकाशयानांचे तळ होते.'

ऊरचा झिगुरात घ्या. पाया सुमारे ६४ मीटर बाय ४६ मीटर. आतला गाभा कच्च्या विटांचा, पूर्ण भरीव. बाहेरून भाजलेल्या विटांचं जाड आवरण, सांधे नैसर्गिक डांबराचे. गाभ्यातला ओलावा बाहेर पडावा म्हणून आवरणात ठरावीक अंतरावर भोकं ठेवलेली. माथ्यावर चंद्रदेव नन्नाचं देऊळ. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात ऊरचं उत्खनन केलं. विटांवर बांधणाऱ्याचं नाव ठशाने उमटवलेलं आहे: ऊरचा राजा ऊर-नम्मू, इ.स.पू. एकविसावं शतक. कुणी बांधलं, कुणासाठी बांधलं, हे विटेवरच छापलेलं असताना परग्रहावर जायची गरज काय?

त्याच राजघराण्याच्या काळातल्या गार्शाना नावाच्या ठिकाणच्या पाट्या मिळाल्या आहेत. रोजगार हमीच्या कामावर असतो तसा हजेरीपटच आहे तो. किती विटा पाडल्या, किती अंतरावर वाहिल्या, किती मजूर लागले, जवाच्या रूपात मजुरी किती. विटा वाहणाऱ्यांत बायका पुष्कळ. चार हजार वर्षांपूर्वी डोक्यावरून विटा वाहणाऱ्या बाईच्या मजुरीची नोंद आपल्या हातात आहे आणि आपण तिचं काम यानांच्या खात्यावर जमा करतो, हे मला सहन होत नाही.

बाकीचे मुद्दे लवकर संपतात.

'बारा ग्रह दाखवणारी मुद्रा': ही बर्लिनच्या संग्रहालयातली व्हीए २४३ क्रमांकाची दंडगोल मुद्रा. तिच्यावर एक चांदणी आणि भोवती अकरा ठिपके आहेत. सिचिन यांच्या मते ही चांदणी म्हणजे सूर्य. मेसोपोटेमियात सूर्य ठरलेल्या पद्धतीने काढत. ही चांदणी तशी नाही. शेजारच्या लेखात माणसांची नावं आहेत आणि 'सेवक' असा उल्लेख. खगोलशास्त्राचं एक अक्षर नाही. मेसोपोटेमियाच्या ज्योतिषांना पाचच ग्रह माहीत होते: बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. निबिरूचं नाव त्यांच्या ग्रंथांत येतं ते मार्दुक देवाचा तारा म्हणून, आणि मार्दुकचा ग्रह म्हणजे बहुतेक ठिकाणी गुरू. सिचिन सांगतात तसा दर ३,६०० वर्षांनी येणारा ग्रह कुठल्याही पाटीवर नाही.

'आपल्यातली २२३ जनुकं परग्रहावरची': २००१ साली मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा आला तेव्हा २२३ जनुकं जिवाणूंकडून थेट आली असावीत, असा अंदाज त्यात होता. जिवाणूंकडून. त्याच वर्षी इतर शास्त्रज्ञांनी जास्त प्राण्यांचे जनुकसंच ताडून तोही अंदाज खोडून काढला.

'सत्य लपवलं जातं': ऑक्सफर्ड विद्यापीठाने सुमेरियन साहित्याच्या सुमारे चारशे रचना मूळ मजकूर आणि इंग्रजी भाषांतरासह इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत. लाखो पाट्यांची माहिती आणि छायाचित्रं असलेली स्वतंत्र सूचीही कुणालाही पाहता येते. तेव्हा हा व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्यांनी पुढच्या वेळी सोबत पाटीचा क्रमांक आणि ओळीचा क्रमांक पाठवावा. सोन्याच्या खाणीत राबणाऱ्या अनुनाकींची एक ओळ पुरे आहे, मी ती भाचीच्या वहीत स्वतः लिहून देईन.