गळतंय एकीकडे, टपकतंय भलतीकडे

बेलापूरला दिवाळे जेट्टीला बोट उभीये आणि पुढच्या केबिनमधली गादी परत ओलीचिंब, या पावसात चौथ्यांदा! जिभेला लावून बघितलं, पाणी गोडं, म्हणजे बुडातून नाही, वरूनच. आता शोधा. टपकतं उशीपाशी म्हणून तिथेच सिलिकॉनची अख्खी ट्यूब संपवली, तर हे महाशय घुसतायत पार पुढे नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या, दोर बांधायच्या खुंट्याच्या बोल्टातून, आणि डेकच्या खालून सरपटत दोन हात मागे येऊन गळतायत. आधीच्या कारागिराने बोल्ट न काढताच वरून सिलिकॉन थापलेलं, त्यावर नवीन काही चिकटतच नाही, सकाळपासून ब्लेडने खरवडतोय. त्यात काका विचारतात, एमसील लावलंस का रे? लावलं ओ काका, तीनदा!