मावशी जगली पाहिजे

नैरोबीत जानेवारी उजाडला की दुकानांत गणवेशांचे ढीग लागतात आणि आमच्या भागातल्या चर्चच्या मागच्या अंगणात आज्यांची रांग लागते. किकुयू भाषेत आजीला ‘शोशो’ म्हणतात. प्रत्येक शोशोला मक्याच्या पिठाच्या पुड्या मिळतात, तेल मिळतं आणि उजीसाठी नाचणीचं पीठ मिळतं. शेजारच्या टेबलावर एक वही उघडी असते. कुणाच्या नातवाला बूट हवेत, कुणाच्या नातीची माध्यमिक शाळेची फी थकली आहे, हे तीत लिहायचं. उजी म्हणजे आपली नाचणीची पेजच. पहिल्यांदा तो गरम मग हातात आला तेव्हा मला आजोळच्या चुलीपुढचा पाट आठवला होता.

बारा वर्षं मी या शहरात आहे. पेशानं हिशेबनीस आहे आणि आठ वर्षं ही वही माझ्याकडे आहे. घरी आमच्याकडे गणपती बसतो. वही माझ्या हाती देताना फादरांनी माझा धर्म विचारला नाही, एवढंच विचारलं की शनिवारी सकाळी सातला येशील ना.

यंदा त्या रांगेचा एक फोटो मी शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला आणि दोन दिवस वाद पेटला. एकीनं लिहिलं, ‘हे लोक तांदळाचं पोतं देऊन धर्म विकत घेतात, तू त्यात कशी गं?’ दुसरी तिच्यावर तुटून पडली, ‘देवमाणसं आहेत ती, त्यांच्याकडे कसले हिशेब मागता?’ पुढे वादात भारतातला परदेशी देणग्यांचा कायदा आला, २०२० मधली त्याची दुरुस्ती आली, मदर तेरेसांच्या संस्थेची परवानगी २०२१ च्या नाताळात अडकली आणि जानेवारीत परत मिळाली, तेही आलं. दोघीही माझ्या जिवाभावाच्या आहेत. पण दोघींची नजर देणाऱ्यावरच खिळलेली होती. ज्या पोरासाठी हे सगळं चाललंय ते राहतं कुठे, रात्री कुणाच्या कुशीत झोपतं, हे कुणी विचारलंच नाही. मी इथे जे काही शिकले ते या एका प्रश्नाभोवती शिकले, म्हणून हे लिहिते आहे.

केनियाच्या सरकारनं १९९९ च्या नोव्हेंबरात एड्स ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. तोवर घरंच्या घरं मधून पोखरली गेली होती. आईबाप गेले, मागे आजी राहिली आणि तिच्या पदराला पाच-सात नातवंडं. जी मुलं स्वतःच विषाणू घेऊन जन्मली, त्यांना तर कुणी घेईनात. त्यांच्यासाठी अँजेलो डागोस्टिनो या अमेरिकन जेझुइट फादरांनी आणि सिस्टर मेरी ओवेन्स यांनी १९९२ साली नैरोबीत ‘न्युम्बानी’ सुरू केलं. फादर स्वतः डॉक्टर होते. न्युम्बानी म्हणजे स्वाहिलीत ‘घरी’. त्या काळात तिथे येणारं मूल मरायलाच येत असे. त्याला शेवटी कुणी जवळ घ्यावं, स्वच्छ अंथरूण मिळावं, एवढीच संस्थेची उमेद होती.

यात आपला मुंबईचा धागा आहे आणि तो आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. एड्सवरची तीन औषधं मिळून श्रीमंत देशांत एका रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तीच औषधं आफ्रिकेत काम करणाऱ्या सेवाभावी डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला साडेतीनशे डॉलरला देऊ केली. त्याच सुमारास डागोस्टिनोंनी, पेटंटवाल्या कंपन्यांची नाराजी पत्करून, भारतातली स्वस्त औषधं न्युम्बानीत आणण्याचं जाहीर केलं. वर्षाच्या मध्यावर केनियाच्या संसदेनं अशी औषधं आयात करायला वाट करून देणारा कायदा केला. मुलं जगू लागली. जगली म्हणून शाळेत जायची वेळ आली, तर सरकारी शाळा त्यांना दारात उभं करेनात. मग संस्था कोर्टात गेली आणि २००४ साली तडजोड होऊन शाळांची दारं उघडली. कॅथलिक फादर, मुंबईत बनलेल्या गोळ्या आणि केनियाचं कोर्ट अशा तिघांच्या खांद्यावरून ही पोरं शाळेत पोचली. धर्मावरून भांडताना ही गोष्ट आठवली की मला माझ्या दोन्ही मैत्रिणींना जवळ बसवावंसं वाटतं.

पण माझ्या मते न्युम्बानीचं खरं मोठं काम पुढचं आहे. ‘लिआ टोटो’, म्हणजे ‘लेकरू वाढव’, या नावानं त्यांनी झोपडवस्त्यांमध्ये मुलांच्या घरीच औषध, अन्न आणि देखरेख पोचवायला सुरुवात केली. मग २००६ साली किटुईच्या कोरड्या माळावर एक गाव वसवलं. तिथे अनाथ मुलांबरोबर आज्या आणि आजोबाही राहायला आले. एका आजीकडे आठ-दहा मुलं, त्यातली काही तिची नातवंडं, बाकीची दुसऱ्यांची. शेत, शाळा, दवाखाना, सगळं गावातच. आश्रम बांधणाऱ्यांनाच हळूहळू उमगलं की मुलाला भिंतींहून आजी जास्त लागते.

मला हे उमगायला एक दिवाळी जावी लागली. आम्ही काही मराठी कुटुंबं नैरोबीबाहेरच्या एका बालगृहात फराळ, चादरी आणि वह्या घेऊन गेलो होतो. संस्था ख्रिस्ती होती, पाहुण्यांची तिला सवय होती. मुलांनी रांगेत उभं राहून गाणी म्हटली, आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी माझ्या बांगड्यांशी खेळत बसली होती. घर कुठे, असं मी सहज विचारलं. तिनं बोटानं समोरची टेकडी दाखवली. आई तिथेच असते, चहाच्या मळ्यात कामाला जाते. मग तू इथे कशी? ‘इथे शाळा आहे, आणि दुपारी जेवण आहे.’ तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. परतताना गाडीत मी गप्प होते. आम्ही आणलेल्या त्या सगळ्या सामानानं त्या आईच्या आणि लेकीच्या मधली टेकडी थोडी आणखी उंच केली होती. तिच्या शाळेचा वर्षाचा खर्च आणि दुपारचं जेवण आईच्या दारात पोचलं असतं, तर ती मुलगी तिथे असण्याचं काही कारणच नव्हतं.

ती एकटी नव्हती. ‘अनाथ’ या शब्दाची आंतरराष्ट्रीय मोजणीच अशी आहे की आई किंवा बाप, दोघांपैकी एक गेला तरी मूल त्यात धरलं जातं. त्यामुळे आपण ज्याला पोरकं समजून डोळे पुसतो, त्याचं बरेचदा कुणीतरी असतं. फक्त त्या कुणातरीकडे पैसे नसतात. केनियात प्राथमिक शाळेची फी २००३ पासून माफ आहे, पण गणवेश, वह्या, परीक्षेचे पैसे आणि जेवण कोण देणार? आश्रम ते देतो, म्हणून मूल आश्रमात जातं. आश्रमाला परदेशातून पैसे मिळतात ते मुलांच्या संख्येवर, म्हणून मूल परत जात नाही. यात कुणी दुष्ट असायचीही गरज नसते. भली माणसं, भला पैसा, आणि तरी मूल घराबाहेर.

केनियानं हे मान्य केलं याचा मला आदर वाटतो. २०१७ साली सरकारनं नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली. २०२२ मध्ये दहा वर्षांचं धोरण आणलं, मुलांना संस्थांतून कुटुंबांत परत नेण्याचं. त्याआधीपासून, २००४ पासून, अनाथ मुलं सांभाळणाऱ्या गरीब घरांना थेट पैसे देण्याची योजना सुरू आहे, घरामागे महिन्याला दोन हजार शिलिंग. रक्कम तोकडी आहे आणि ती वेळेवर येत नाही, हे रांगेतल्या प्रत्येक शोशोकडून मी ऐकते. पण दिशा बरोबर आहे. आपली जुनी म्हण आहे, माय मरो पण मावशी जगो. इथे माय मेली, हे खरं. मदत करणाऱ्यानं निदान मावशीला जगवावं.

आता धर्मांतराचा प्रश्न. तो मी टाळणार नाही, कारण विचारणारी मैत्रीण मूर्ख नाही. केनियात बहुसंख्य लोक ख्रिस्तीच आहेत. आमच्या रांगेतल्या आज्या त्या फादरांच्या जन्माआधीपासून चर्चला जातात. तिथे पिठाच्या बदल्यात कुणाचा धर्म घ्यायला उरलेलाच नाही, आणि आपल्याकडचा वाद जसाच्या तसा इथे आणून लावला तर लागत नाही. पण मोंबासाच्या किनाऱ्यावर, ईशान्येला गारिसाकडे मुस्लीम मुलं आहेत. तिथल्या मुलाला ताटावर बसण्याआधी येशूची प्रार्थना म्हणायला लावली, तर ते चूकच. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेतही स्पष्ट आहे की कुणालाही त्याच्या श्रद्धेविरुद्ध वागायला भाग पाडता येणार नाही. उपाशी पोराकडे नाही म्हणायची ताकद नसते. म्हणून त्याच्यापुढे अट ठेवणारा हात मला मान्य नाही, मग त्या हातात क्रूस असो, जपमाळ असो की कुठल्या पक्षाचं निशाण.

हिशेबाबद्दलही तसंच. देवाच्या नावानं चालतं म्हणून विचारू नये, हे मला पटत नाही. २०२३ मध्ये इथल्या शाकाहोलाच्या जंगलात एका पंथाच्या जागेत चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढले गेले. स्वर्ग मिळेल म्हणून लोकांना उपाशी ठेवलं गेलं होतं आणि त्यांत कितीतरी मुलं होती. ज्या देशानं हे पाहिलं, त्याला देवमाणसांनाही प्रश्न विचारावे लागतात. आमच्या वहीवर दर तीन महिन्यांनी फादर सही करतात आणि दोन आज्या अंगठा उमटवतात. आज्यांनी अंगठा द्यायचा, ही सूचना फादरांचीच.

आणि आपल्याला हा वाद नवा आहे का? पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले. त्या स्वतः दुष्काळानं पोरकी केलेली मुलगी. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. पुण्यात त्यांच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेतल्या मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून १८९३ साली केवढं वादळ उठलं. रानडे आणि भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं. तीनच वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. पुण्यातल्या त्या आक्षेपात काही तथ्य होतं का, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. पण दुष्काळात उचललेल्या त्या मुलींच्या बाजूनं पाहिलं, तर त्यांच्याकडे पोचलं कोण, हा प्रश्न आधी येतो. मला रमाबाई फार जवळच्या वाटतात, त्यांचा धर्म माझा नसूनही.

मैत्रिणींना मी शेवटी एवढंच लिहिलं की महाराष्ट्रातही बालसंगोपन योजना आहे. एक पालक गमावलेल्या मुलाला आईकडे किंवा नातेवाइकांच्या घरी ठेवून महिन्याला मदत मिळते. गावागावांत कितीतरी विधवा आयांना ती माहीतच नसते, आणि अर्ज भरून देणारं कुणी नसतं. पोतं देऊन धर्म विकत घेतात म्हणणारी माझी मैत्रीण दरवर्षी मुलाचा वाढदिवस जवळच्या बालगृहात केक कापून साजरा करते. मी तिला म्हटलं, या वेळी अधीक्षकांना एकच विचार, दिवाळीला किती मुलं घरी जातात आणि एस. टी. चे पैसे कोण देतं.

तिनं विचारलं. बऱ्याच जणांना आई आहे, असं उत्तर आलं. तिकिटाचे पैसे नसतात म्हणून काही मुलं सुट्टीतही तिथेच राहतात. केकचे पैसे तिनं तिकिटांना दिले. दोन आयांचे योजनेचे अर्ज ती स्वतः तालुक्याला नेऊन देणार आहे. ‘कागद काय काय लागतात ते बघून कळव,’ असा काल रात्री तिचा निरोप आला. आज शनिवार आहे, वही आटोपली की यादी पाठवते.